पाठ असलेली कॅसेट पुन्हा ऐकताना

कॅसेट लावण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि मधोमध उभी रेघ ओढा. डाव्या रकान्यात, काहीही न ऐकता, त्या कॅसेटबद्दल जे आठवतं ते लिहून काढा. पहिलं गाणं कुठलं, सुरुवातीला कुठलं वाद्य वाजतं, कोण गातं, बाजू कुठे उलटावी लागते, कुठलं गाणं तुम्ही नेहमी पुढे पळवत होता. उजवा रकाना मोकळा ठेवा. मग ऐका.

गाणी तर पाठ आहेत, मग हा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण पाठ असणं हीच अडचण आहे. पाठ झालेलं गाणं आपण ऐकतच नाही. पहिले दोन सूर कानावर पडले की उरलेलं मनातल्या मनात आपणच म्हणून टाकतो आणि बाहेर वाजणारं बाहेरच राहतं. डावा रकाना भरला की मनातलं गाणं कागदावर उतरतं. मग बाहेरच्या गाण्यासाठी थोडी जागा होते.

माझ्या पहिल्या कागदाची गोष्ट सांगतो. नव्वदच्या दशकात मी धडगाव तालुक्यात शिक्षक होतो. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून अवकाश होता, तो झाला १ जुलै १९९८ ला. तोवर आमचा पत्ता 'जिल्हा धुळे' असाच लिहिला जायचा. शनिवारी शाळा सुटली की चांदसैली घाटातून जीपनं तळोद्याला उतरायचं आणि तिथून शहाद्याला घरी. जीपमध्ये माणसं मोजू नयेत इतकी, आणि टेपवर 'आशिकी'. १९९० ची ती कॅसेट जीपवाल्यानं किती वर्षं वाजवली याचा हिशेब त्यालाही नसेल. गेल्या वर्षी ती पुन्हा ऐकायला बसलो तेव्हा डाव्या रकान्यात मी बेधडक लिहिलं होतं: पाच गाणी, पुरुषाचा आवाज कुमार सानू, वाद्यांत सगळं पुढे बासरी आणि व्हायोलिनं.

उजव्या रकान्यानं पहिल्या अर्ध्या तासातच माझी फजिती केली. गाणी पाचापेक्षा कितीतरी जास्त. एका गाजलेल्या गाण्यात पुरुषाचा आवाज उदित नारायणचा. मी तीस वर्षं तो कुमार सानूच्या खात्यावर जमा करत आलो होतो. आणि खालच्या पट्टीत एक बेस गिटार सबंध गाण्याला पाठीवर घेऊन चाललेली. ती मी आयुष्यात प्रथम ऐकली. यात आश्चर्य काही नाही. घाटात पहिल्या गिअरमध्ये चढणाऱ्या जीपचं इंजिन नेमकं त्याच खालच्या सुरांत घुमत असतं, त्यामुळे माझ्या 'आशिकी'त बेसच्या जागी कायम इंजिनच होतं. ऐकून झाल्यावर दोन दिवस मला त्या इंजिनाशिवाय ते गाणं थोडं उघडं-उघडं वाटलं, हेही कबूल करतो.

तेव्हा डाव्या रकान्यात गाण्याबरोबर जागाही लिहा. कुठे ऐकत होता? लग्नाच्या मांडवातल्या कर्ण्यावर, एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर, सारंगखेड्याच्या यात्रेत, की रात्री उशाशी ठेवलेल्या ट्रान्झिस्टरवर? प्रत्येक जागा गाण्यातून काहीतरी खाते आणि स्वतःचं काहीतरी त्यात मिसळते. कर्णा खालचे सूर खातो. छोटा ट्रान्झिस्टर तेच करतो, पण आवाज माणसाच्या अगदी जवळ आणतो. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली. तेव्हापासूनच्या दोन-तीन पिढ्यांनी चित्रपटसंगीत ऐकलं ते बहुतेक तळहाताएवढ्या स्पीकरमधून. आता चांगला हेडफोन लावून तीच गाणी ऐकली तर वाद्यवृंदाची एक सबंध मागची रांग सापडते.

मात्र कान नवे करून माल भेसळीचा ऐकला तर उपयोग नाही. फोनवर जुना अल्बम शोधला की एकाच नावाच्या चार-पाच आवृत्त्या समोर येतात. त्यातली एखादी 'झंकार' असते, म्हणजे मूळ गाण्यावर नंतर कोणीतरी इलेक्ट्रॉनिक ढोल-ताशाचा थर चढवलेला. नव्वदच्या दशकात असल्या कॅसेटी धडाक्यात खपल्या आणि आमच्यातल्या पुष्कळांना मूळ गाणं म्हणून तीच आवृत्ती पाठ आहे. हिणवत नाही, जीपमध्ये मलाही तीच आवडायची. पण मूळ ऐकायचं असेल तर झंकार, रिमिक्स, लोफी असली शेपटं लावलेली आवृत्ती टाळा, आणि ज्या कंपनीची मूळ रेकॉर्ड होती तिनंच चढवलेली प्रत शोधा. आणखी एक खूण: हौशी लोकांनी चढवलेल्या प्रतींत कधी कधी वेग बदललेला असतो. गाणं ओळखीचं वाटतं, पण गायिका अचानक दहा वर्षांनी तरुण झालेली असते. घरात हार्मोनियम असेल तर सूर लावून बघा. गाण्याचा षड्ज दोन पट्ट्यांच्या अगदी मधोमध लोंबकळत असेल तर वेगावर संशय घ्यायला हरकत नाही.

दुसरं म्हणजे शफल बंद करा. अल्बम हा शब्द आला मुळात पुस्तकावरून. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटं मावत, म्हणून मोठं काही असेल तर चार-सहा तबकड्या कागदी पाकिटांच्या बाडात घालून विकत. ते बाड म्हणजे अल्बम. पुढे ३३ फेऱ्यांची एलपी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली, आणि गाण्यांचा क्रम ठरवणं हेही एक काम झालं. पहिल्या बाजूचा शेवट कशावर करायचा, उलटल्यावर माणसाला कशानं पुन्हा बसवायचं, याचा कोणीतरी विचार केलेला असतो. 'शिवकल्याण राजा' हे त्याचं ठळक उदाहरण. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हा, १९७४ मध्ये, हृदयनाथ मंगेशकरांनी तो केला. लताबाईंचा आवाज आणि मधून मधून बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. गाणी सुटी काढून ऐकली की निवेदन गळतं आणि दोन गाण्यांमधला पूलच कोसळतो. सलग ऐकलात तर कळेल की निवेदन संपतं त्या श्वासातच पुढच्या गाण्याची तयारी झालेली असते. माझं स्वतःचं मत विचाराल तर काही ठिकाणी निवेदन गाण्यावर कुरघोडी करतं. पण ते सलग ऐकल्यावर झालेलं मत आहे.

हे सगळं फोनवर मिळतंच असं नाही. आपल्या भागातल्या गाण्यांचा मोठा साठा अजून लोकांच्या ट्रंकांत पडून आहे, तेव्हा कॅसेटबद्दल जरा तपशिलात सांगतो.

ट्रंकेतून काढलेली कॅसेट लगेच टेपमध्ये खुपसू नका. आधी उजेडात धरून खिडकीतून बघा. फितीच्या कडेवर पांढरट भुकटीसारखं दिसलं तर ती बुरशी आहे. सातपुड्यात चार महिने पाऊस खाल्लेल्या कॅसेटींना ती हमखास धरते. अशी कॅसेट लावली तर बुरशी यंत्रात जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती बाजूला ठेवा. दिसायला स्वच्छ असलेली कॅसेट तळहातावर दोन-तीनदा आपटा, म्हणजे चिकटून बसलेले वेढे सुटतात. मग षटकोनी पेन्सिल दातेरी चाकात घालून आठ-दहा वेढे हातानं फिरवा. चाक मोकळं फिरतंय अशी खात्री झाली की यंत्रात घालून एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे पळवा. वाजवायचं त्यानंतर. खालच्या फटीत फितीच्या मागे एक बारीक पत्रा आणि त्यावर नखाएवढा नमद्याचा तुकडा असतो. तो पडलेला असेल तर आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा येतो आणि आपण दोष कंपनीला देतो. पाच स्क्रूची कॅसेट असेल तर ती उघडून दुसऱ्या चांगल्या डबीतला नमदा किंवा सबंध फीतच इकडून तिकडे करता येते. डबी चिकटवलेली असेल तर जपून, आणि नव्वद मिनिटांची असेल तर त्याहून जपून, कारण तिची फीत पातळ असते आणि ताणली की गाणं कायमचं वाकडं होतं.

यंत्राचंही बघा. वीस वर्षं बंद पडलेल्या टेपमधला रबरी पट्टा पाघळून डांबरासारखा झालेला असतो. तो बदलावाच लागतो. हेड आणि त्याशेजारचं रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. काडी तपकिरी निघते तोवर पुसा. नंदुरबारात मिरचीच्या पथाऱ्या पडतात त्या दिवसांत हे काम दारं लावून करा. विनोदानं सांगत नाही. एकदा खिडकी उघडी ठेवून मी टेप खोलून बसलो होतो, ठसका लागला आणि दोन स्क्रू त्या ठसक्यात गेले ते गेलेच.

हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, तो फितीशी हेडचा कोन जुळवतो. ज्या टेपवर रेकॉर्डिंग झालं त्याचा कोन आणि तुमच्या टेपचा कोन वेगळा असला की वरचे सूर बुजतात. गाणं चालू ठेवून स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवा आणि लक्ष फक्त 'स' आणि 'श' वर ठेवा. ते ज्या क्षणी लख्ख होतात तिथे थांबा. हे एक काम केलं तर निम्म्या 'खराब' कॅसेटी चांगल्या निघतात, असा माझा अनुभव आहे.

मग तिची संगणकावर प्रत करा. टेपच्या लाइन-आउटमधून वायर, लाल रेषेला न लागणारी पातळी, आणि वेव्ह फाइल. मिनिटाला साधारण १० एमबी जातात, म्हणजे साठ मिनिटांची कॅसेट ६०० एमबी. आजच्या हिशेबात ही काही जागा नव्हे. एक विनंती आहे: फितीची सरसर काढून टाकणारं बटण दाबू नका. त्या सरसरीबरोबर झांजेची शेपूट आणि गायकाचा श्वासही जातो. मूळ प्रत तशीच ठेवा, स्वच्छता करायची तर तिच्या दुसऱ्या प्रतीवर करा.

तबकड्या असतील तर दोनच गोष्टी. ७८ च्या तबकडीला एलपीची सुई लावू नका, तिला जाड सुई लागते. आणि ती लाखेची असते, तिच्यावर अल्कोहोल लावलं तर लाख विरघळते. एलपी उभ्या ठेवा. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत आडव्या रचलेल्या एलपी पापडासारख्या वळतात.

आता ऐकण्याकडे वळू. नव्या कानांचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे कोणाचे तरी कान उसने घेणं.

मी आमच्या गल्लीतल्या नववीतल्या एका मुलाला 'गीतरामायण' ऐकवलं. सुधीर फडक्यांच्या आवाजातला तो संच आमच्या घरी पूजेच्या वस्तूसारखा जपलेला. त्याच्याबद्दल प्रश्न विचारायचा असतो हेच मला माहीत नव्हतं. मुलानं सहा गाणी शांतपणे ऐकली आणि विचारलं, "सर, राम पण हेच, सीता पण हेच, हनुमान पण हेच?" मी त्याला भक्तिभाव वगैरे सांगायला लागलो आणि मधेच थांबलो, कारण त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं तेव्हा ते एका माणसाचं नव्हतंच. पात्रागणिक गायक वेगळे. रामाचा आवाज फडक्यांचा, सीतेसाठी माणिक वर्मा, एका गाण्यापुरता लता मंगेशकर, शिवाय वसंतराव देशपांडे आणि आणखी कितीतरी. एकाच आवाजातला संच ही नंतरची गोष्ट. आपल्याला पाठ आहे तो कीर्तनकाराचा बाज. मुळात होतं ते नाटक. मुलाच्या कानाला नाटक हवं होतं आणि रेडिओनं १९५५ मध्ये तेच दिलेलं होतं.

तिथून मी आणखी एक प्रयोग केला आणि तो तुम्हीही करावा असं सुचवतो. आठवड्याला एकच गाणं. रेडिओवर ते तसंच यायचं: शुक्रवारी सकाळी नवं गाणं, मग शनिवार-रविवारी तेच पुन्हा. गाणी बावन्न ठरलेली होती, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि गीतकार माडगूळकर आणि फडके यांना ती छप्पन्न करावी लागली. वर्तमानपत्रं दर आठवड्याला गाण्याचे शब्द छापत होती. म्हणजे त्या वेळच्या माणसाला एक गाणं सात दिवस पुरवून खावं लागे आणि पुढचं काय येणार याची वाटही बघावी लागे. मी आणि तो मुलगा मिळून असे वीस आठवडे टिकलो. मग त्याची दहावी सुरू झाली. पण त्या वीस गाण्यांतला रागांचा पालट मला जसा कळला तसा छप्पन्न गाणी दोन दिवसांत ऐकून कधीच कळला नव्हता. एक गाणं आठवडाभर डोक्यात मुरलं की पुढच्या गाण्याचा पहिला सूर जवळजवळ धक्का देतो.

नाचून ऐकलेलं संगीत बसून ऐका, हाही एक सोपा उपाय. 'सैराट' हा चित्रपट २०१६ चा, त्याला आता जुनं म्हणायला हरकत नाही. गाणी चारच. त्यातलं 'झिंगाट' जिल्ह्यातल्या प्रत्येक वरातीत डीजेच्या भिंतीतून छातीवर आदळलेलं आहे. पण त्या चित्रपटाचा वाद्यवृंद अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केला होता, आणि डीजे पहिला घास त्या वाद्यवृंदाचाच घेतो. बाकीची तीन गाणी रात्री, आवाज अगदी कमी ठेवून, अंधारात ऐका. गावाकडच्या पोरापोरीच्या मागे केवढं मोठं व्हायोलिनांचं आभाळ उभं केलंय ते तेव्हा दिसतं. ते शोभतं की जास्त होतं, हे तुमचं तुम्ही ठरवा. मला एका गाण्यात शोभलं, दुसऱ्यात जास्त झालं.

खान्देशातल्या वाचकाला बहिणाबाईंबद्दल वेगळं सांगायला नको, पण बहिणाबाईंच्या गाण्यांबद्दल सांगायला हवं. 'मानिनी' हा चित्रपट १९६१ चा. त्यात वसंत पवारांच्या चालीवर सुमन कल्याणपूर यांनी बहिणाबाईंच्या कविता गायल्या आणि त्या घरोघर गेल्या. पुढे यशवंत देवांच्या चालीत उत्तरा केळकर यांनी गायलेला अल्बमही आमच्याकडे खूप वाजला. हे ऐकताना हातात छापील पुस्तक ठेवा. लेवा बोलीत आणि अहिराणीतही 'ळ'चा 'य' होतो: डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. पुस्तकात जिथे 'य' छापलेला आहे तिथे पेन्सिलीनं टिंब द्या आणि गायिका तिथे काय करते ते ऐका. उच्चार कुठे मोकळा पडतो, कुठे शहरातल्या तालमीत घासला जातो, हे पुण्या-मुंबईच्या ऐकणाऱ्याला सहजी कळणार नाही. तुम्हाला कळेल. तो कान जन्मानं मिळालेला आहे, तो वापरा.

माझ्या सासूबाई यावल तालुक्यातल्या. त्यांना मी हा अल्बम ऐकवला. डोळे मिटून त्यांनी एक गाणं पूर्ण ऐकलं. मला वाटलं, भरून आलं. त्या म्हणाल्या, "आवाज गोड आहे. पन इतक्या सावकाश दळलं तं पीठ केव्हा पडीन?"

बहिणाबाईंची रचना घरोटावर म्हणजे जात्यावर, शेतात, हातातलं काम न थांबवता झालेली. सासूबाईंच्या अंगात तो वेग अजून आहे. त्या बोलताना त्यांचा उजवा हात मांडीवर गोल फिरत होता. त्या फेऱ्यात श्वास कुठे घ्यायचा हे हात ठरवतो. संगीतकारानं ते गाणं घरोटावरून उचलून बैठकीत आणलं, तिथे श्वास सतार किंवा बासरीच्या तुकड्यावर घ्यायचा. ही चूक नाही, वेगळं काम आहे. पण दोन्ही वेग माहीत असले की गाणं दुहेरी ऐकू येतं. घरात जातं असेल तर मूठभर ज्वारी घालून खरोखरच फिरवा आणि तोंडानं तेच शब्द म्हणून बघा. शेजारी हसतील. हसू द्यावं.

आता 'जैत रे जैत'. याच्यावर मी सगळ्यात जास्त रेंगाळलो, आणि माझा डावा रकाना इथेच सगळ्यात जास्त भरला होता. जब्बार पटेलांचा १९७७ चा चित्रपट, गोष्ट गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरची, कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकर आदिवासींची. नायक नाग्या ढोल वाजवणारा. ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत, आशाबाई, रवींद्र साठे, चंद्रकांत काळे. महानोर अजिंठ्याच्या अलीकडच्या पळसखेड्याचे, म्हणजे आम्हाला जवळजवळ घरचे. मी लिहिलं होतं: मराठीतला आदिवासी संगीताचा सर्वांत अस्सल अल्बम. 'अस्सल'खाली रेघसुद्धा मारली होती.

कागद खिशात घालून मी धडगावला गेलो. तिथे माझ्याबरोबर शाळेत शिक्षक असलेले एक पावरा आदिवासी मित्र आहेत, आता निवृत्त. त्यांनी चित्रपट पाहिलेला नव्हता. ओट्यावर बसून आम्ही पहिली बाजू ऐकली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, हे खरं तर करू नये. ऐकणाऱ्याकडे बघत बसलं की तो बिचारा सभ्यपणे मान डोलवायला लागतो. बाजू संपल्यावर ते म्हणाले, "सर, ढोल बसून वाजवलाय."

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. काठी गावच्या होळीला ढोल आधी दिसत नाही. तो आदल्या रात्री डोंगरापलीकडून ऐकू येतो, मग जवळ येतो, मग दुसऱ्या गावाचा ढोल दुसऱ्या बाजूनं येतो, आणि पहाटे होळी पेटेपर्यंत तो नाचणाऱ्यांबरोबर चालत असतो. होळीत नाचणाऱ्या बुध्यांच्या कमरेचे भोपळे आणि घुंगरू त्याच्यात मिसळतात. ढोल येतो आणि जातो. या कॅसेटमध्ये तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जागी आहे. "खोलीत आहे," ते म्हणाले.

आशाबाईंचं एक गाणं त्यांनी परत लावायला सांगितलं. मी खूष झालो. ऐकून म्हणाले, "आवाज छान आहे. पण ही बाई एकटी का गाते?" त्यांच्याकडे बायका हातात हात गुंफून दोन रांगांत उभ्या राहतात, एका रांगेनं ओळ म्हणायची, दुसरीनं ती उचलायची. रानात एकट्या बाईनं इतकं मन मोकळं करून गाणं त्यांना गाण्यापेक्षा सिनेमासारखं वाटलं. मात्र साठे आणि काळे यांच्या आवाजातले समूहाचे तुकडे आले तेव्हा त्यांचा पाय हलला. मी पाहिलं.

घरी येऊन उजव्या रकान्यात हे सगळं लिहिलं आणि 'अस्सल' हा शब्द खोडला. त्यामुळे अल्बम लहान झाला असं मला वाटत नाही. उलट हृदयनाथांनी काय केलं ते आत्ता ऐकू यायला लागलं: चालत्या ढोलाला त्यांनी खोलीत बसवलं, रांगेतली एक बाई वेगळी काढून तिला मन दिलं, आणि डोंगर राखला तो समूहाच्या आवाजात. नाग्या आणि नायिका चिंधी यांची गोष्ट सांगायची तर एकटा आवाज लागणारच. पण मी चाळीस वर्षं जे ठाकरवाडीचं समजून ऐकत होतो त्यातला मोठा भाग एका फार कसबी संगीतकाराचा होता, ही गोष्ट धडगावच्या ओट्यावर बसेपर्यंत माझ्या कानात शिरली नव्हती.

तुम्ही असं कोणाला ऐकवायला जाल तेव्हा दोन पथ्यं पाळा. आधी कौतुक सांगू नका. 'हे फार गाजलेलं आहे' म्हटलं की समोरचा परीक्षेला बसल्यासारखा ऐकतो. आणि एका बैठकीत एकच बाजू. चहा होऊ द्या, माणसाला बोलू द्या. जे सुचतं ते दुसरी बाजू लावायच्या घाईत विरून जातं. ऐकून आवडेनासं झालं तर तेही लिहा. काही लाडक्या गाण्यांतली बायकांबद्दलची थट्टा आता मला ऐकवत नाही. चाल अजून आवडते. दोन्ही गोष्टी मी एकाच ओळीत लिहून ठेवल्या आहेत.

निघताना मित्रानं घरातून एक कॅसेट आणून दिली. वरचं कागदी लेबल गेलेलं, डबीवर बॉलपेननं फक्त एक साल. त्यांच्या नात्यातल्या लग्नात कोणीतरी रेकॉर्ड केलेली पावरी गाणी. "आता तुम्ही ऐका," ते म्हणाले. "मग येऊन सांगा काय ऐकलं ते."

शहाद्याला आल्यावर बुरशी नाही ना ते पाहिलं, कॅसेट तळहातावर आपटली, पेन्सिलीनं दहा वेढे फिरवले, पुढे-मागे पळवली, 'स'वर कान ठेवून स्क्रू जुळवायला गेलो तर कुठला 'स' तेच कळेना. मग कागद घेतला, मधोमध रेघ ओढली आणि डाव्या रकान्यात लिहायला पेन टेकवलं. लिहिण्यासारखं काहीही नव्हतं. मी टेप सुरू केला.